औषध कोणाला फुकट, कोणाला स्वस्त?



मागच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल लिहिले होते. त्यावर पत्रे आली. पण बऱ्याच पत्रांत अळीबद्दल दोन ओळी आणि पुढे पानभर घरच्या दुखण्याची हकिकत होती. कोणाच्या सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या कायमच्या सांगितल्या आहेत, कोणाच्या वडिलांची साखर वाढली आहे, कोणाचा भाऊ क्षयाने खंगला आहे. शेवटी प्रश्न एकच. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, पण ती औषधे घ्यायला दर महिन्याला पैसा आणायचा कोठून? सरकार औषधे फुकट देते असे ऐकतो, ती नेमकी कोणाला मिळतात?

मी शेतकी पदवीधर, डॉक्टर नव्हे. कोणत्या आजाराला कोणते औषध, हे मी सांगणार नाही. पण तीस वर्षे गावोगाव हिंडताना एक गोष्ट पाहिली आहे. सरकारी योजना बियाण्याची असो की औषधाची, ती कागदावर असते, माणूस रांगेत असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणे हेच आमचे विस्ताराचे काम. म्हणून या वेळी पीकपाणी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे, की फुकटचे औषध म्हणजे पिवळ्या कार्डवाल्याचे. त्यामुळे पाच एकर कोरडवाहू असलेला, केशरी कार्डाचा माणूस सरकारी दवाखान्यावरून पुढे जातो आणि बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये उधारी मांडतो. दोन महिने गोळ्या घेतो, तिसऱ्या महिन्यात सोसायटीचा हप्ता आला की बंद करतो. बरे वाटते आहे, आता कशाला, अशी मनाची समजूत घालतो. आणि मग एखाद्या पहाटे बैलांना वैरण टाकताना हात उचलत नाही, तोंड वाकडे होते. लकवा मारलेल्या कर्त्या माणसामागे जो खर्च होतो, त्यात दहा वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार सर्वांना निःशुल्क झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय, तसेच नाशिक व अमरावतीची संदर्भ सेवा रुग्णालये त्यात आली. तेथे कार्डाचा रंग पाहायचा नाही, सातबारा पाहायचा नाही, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. बागाईतदार गेला तरी फुकट आणि ऊसतोड मजूर गेला तरी फुकट. दवाखान्यातून मिळणारी औषधे त्यातच आली.

यात एक मेख आहे, ती ध्यानात ठेवावी. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. हा निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. तेथे केसपेपर आणि काही तपासण्यांना थोडे शुल्क लागू शकते. अलीकडच्या वर्षांत काही जिल्हा रुग्णालये नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत, त्यामुळे इमारत तीच असूनही नियम बदललेला असतो. खिडकीवर भांडण्याआधी हे रुग्णालय कोणत्या विभागाचे आहे, एवढे विचारून घ्यावे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळे खरे, पण आत डॉक्टर तपासतात आणि हातात चिठ्ठी देऊन बाहेरून आणा म्हणतात. ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी पाहिले आहे. औषधाच्या खिडकीसमोर बायाबापड्या दोन तास उभ्या होत्या, आणि खिडकीपाशी पोचल्यावर तीनपैकी एकच गोळी मिळाली. बाकीच्या दोन समोरच्या दुकानात. खेड्यातून एस.टी.ने आलेल्या म्हातारीचा अख्खा दिवस गेला, भाडे गेले, वर दुकानात पैसे गेले. अशी म्हातारी पुढच्या महिन्यात पुन्हा दवाखान्याची पायरी चढेल काय?

असे का होते तेही समजून घ्यावे. पूर्वी सरकारी औषधांची मोठी खरेदी हाफकिन महामंडळामार्फत होत असे. २०२३ मध्ये कायदा करून त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे वेगळे प्राधिकरण नेमले. मागणी खालून वर जाते, निविदा निघते, माल कोठारात येतो, तेथून जिल्ह्याला आणि मग केंद्राला. खताचा रेक वेळेवर न लागल्यावर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको. पण खत आले नाही म्हणून पेरणी थांबवता येत नाही, तसेच औषध आले नाही म्हणून रोग थांबत नाही. यासाठी जागच्या जागी थोडीफार खरेदी करण्याची सोय ठेवलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे निधी असतो, आणि त्यातून तातडीची औषधे घेता येतात. या समितीत लोकप्रतिनिधी असतात. आपल्या गावच्या केंद्राच्या समितीवर कोण आहे हे तुम्हांला ठाऊक आहे का? सोसायटीचा चेअरमन कोण, हे सगळ्यांना पाठ असते.

माझे सांगणे असे, की औषध मिळाले नाही तर तोंडी भांडण करू नये. केसपेपरवर कोणते औषध शिल्लक नाही ते लिहून मागावे. वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटून स्थानिक खरेदी होईल का, असे विचारावे. कोणी पैसे मागितले किंवा दाद घेतली नाही, तर १०४ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी. हा क्रमांक निःशुल्क आहे. एकट्याने गेल्यास टाळाटाळ होते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. ग्रामपंचायतीच्या सभेत विषय घेतला आणि ठराव करून पाठवला, तर त्याची नोंद घ्यावी लागते.

रक्तदाब आणि साखर यांच्या गोळ्यांबद्दल सर्वांत जास्त पत्रे होती, म्हणून त्याचे थोडे सविस्तर लिहितो. या दोन्ही आजारांची नेहमीची औषधे आरोग्य केंद्रात ठेवायची व्यवस्था आहे. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, साखरेसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही त्यांतली नावे. डॉक्टरांनी लिहिलेल्या महागड्या पाकिटावर बारीक अक्षरांत हीच नावे सापडतील. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा जो देशव्यापी उपक्रम २०१७-१८ च्या सुमारास सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. त्यातला मुख्य विचार साधा होता. रोग्याला एका वेळी महिनाभराच्या गोळ्या द्यायच्या आणि त्याचा पत्ता ठेवून तो पुढच्या महिन्यात आला की नाही ते पाहायचे. आता उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले आहेत, उपकेंद्रावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी दिसेल ते हेच. तालुक्याला जाण्याआधी तेथे चौकशी करावी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तेथे मोजून मिळते. आशाताईंना विचारले तरी त्या सांगतील.

काही आजार असे आहेत, की त्यांची औषधे सरकार स्वतःहून देते आणि तेथे गरीब-श्रीमंत हा प्रश्नच नाही. क्षय हा त्यांतला पहिला. रोगी खासगी डॉक्टरकडे असला तरी सरकारी केंद्रात नोंद झाल्यावर त्याला क्षयाची औषधे मोफत मिळतात. शिवाय सकस खाण्यासाठी बँक खात्यात पैसे जमा होतात. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. आजार लपवून ठेवण्यात कुटुंबाचे दुहेरी नुकसान आहे. औषध अर्धे सोडले तर जंतू माजतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. एकच कीडनाशक अर्ध्या मात्रेने फवारत राहिल्यावर अळी कशी निर्ढावते, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. कुष्ठरोगाची औषधेही मोफत, आणि एच.आय.व्ही.ची औषधे तर एप्रिल २००४ पासून मोफत आहेत. सिकलसेल हा आजार नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत अधिक आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तपासणी आणि औषध दोन्हींची सोय सरकारी दवाखान्यात आहे.

आपल्या शेतीवाल्यांना ज्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही ते म्हणजे सापाच्या विषावरचे इंजेक्शन. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे वापरतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत देतात. रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला पान लागले, तर देवळात, मांत्रिकाकडे किंवा दूरच्या शहरात नेण्यात वेळ घालवू नये. जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट धरावी, १०८ ला फोन करावा. ही गाडी फुकट असते. विंचवाचेही तसेच. लाल विंचू चावल्यावर कोकणात माणसे दगावत असत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. औषध महाग म्हणजे चांगले, असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी नेहमी देतो. कुत्रे चावल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लस मोफत आहे. तीन-चार खेपा माराव्या लागतात, त्या चुकवू नयेत. कुत्रे पाळलेले आहे, ओळखीचे आहे, असल्या सबबी त्यात चालत नाहीत.

फवारणीतून विषबाधा हा माझ्या खात्याशी जोडलेला विषय, म्हणून त्यावर दोन शब्द अधिक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते वर्ष आम्ही विसरणे शक्य नाही. विषबाधेवरचा उपचार सरकारी रुग्णालयात मोफत होतो. पण डॉक्टरला कोणते विष पोटात वा अंगात गेले आहे ते कळले पाहिजे. सगळ्या कीडनाशकांवर एकच उतारा नसतो. म्हणून रोग्याबरोबर औषधाचा डबा किंवा त्यातले माहितीपत्रक न्यावेच. डबा जाळून वा पुरून टाकला, तर निदान बिलाची पावती तरी हाताशी असावी. बिल घ्या, बिल घ्या, असे आम्ही सांगतो त्यामागे भेसळीच्या तक्रारीखेरीज हेही एक कारण आहे.

आता बायामाणसांचे आणि लेकरांचे. जून २०११ पासून केंद्राची जननी शिशु सुरक्षा योजना आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, सिझेरियन करावे लागले तर ते, आणि जाण्या-येण्याची गाडी हे सर्व मोफत. पहिलेपण आहे की तिसरेपण, कार्ड कोणते, काही पाहायचे नाही. बाळ आजारी पडले तर वर्षाचे होईपर्यंत त्याचेही औषधपाणी मोफत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत आहे. अशा वेळी तेथल्या आशाताईकडे वेळीच नाव नोंदवावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. पुढे अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एकदा आरोग्य पथक येते. ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि काही दोष आढळला तर पुढच्या उपचाराला पाठवते. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या किती तरी मुलांच्या शस्त्रक्रिया यातून झाल्या आहेत. पथक येणार त्या दिवशी पोराला कापूस वेचायला नेऊ नये.

आणखी एक आजार आपण आजारच मानत नाही. झोप नाही, जेवण नाही, माणूस बोलत नाही, एकटा विहिरीकडे जाऊन बसतो. कर्ज सगळ्यांनाच असते, त्यात काय एवढे, असे म्हणून घरचे गप्प राहतात. राज्यातील आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर सल्ला आणि औषधे मोफत देण्याची सोय केली आहे. इतर जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभागात औषधे मिळतात. जाणे जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. या गोळ्यांची सवय लागते, माणूस वेडा ठरतो, या पारावरच्या गप्पा आहेत. आपला माणूस घरी आहे तोवर त्याला घेऊन जावे.

येथपर्यंत जे लिहिले त्यात कोणाचे कार्ड, कोणाचे उत्पन्न हा प्रश्न आला नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. मोठ्या आजाराचे आणि खासगी रुग्णालयाचे मात्र तसे नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपण ऐकली असेल. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस सर्व राज्यात आली. पुढे कित्येक वर्षे पिवळे, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा ही कार्डे आणि १४ दुष्काळी, आपद्ग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांपुरतीच ती होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू केली आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सुरू झाले. कर्नाटकच्या सीमेतल्या ८६५ मराठी गावांनाही त्यात घेतले आहे. तेव्हा माझे कार्ड पांढरे आहे, मला काही नाही, असे म्हणणे आता सोडून द्यावे.

पण या योजनेत औषधाचा भाग कोठे येतो, हे नीट समजून घ्या, नाही तर निराशा होते. यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या आजारासाठी दाखल झालात तर आतली सर्व औषधे त्यातच आली. वेगळी चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला लावणे नियमाला धरून नाही. सुट्टी झाल्यावरही औषधे मिळतात, महात्मा फुले योजनेत दहा दिवसांपर्यंत, आणि आयुष्मान भारत योजनेत पंधरा दिवसांपर्यंत. अनेकांना हे ठाऊक नसते, घरी जाण्याच्या घाईत ते तसेच निघतात आणि एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानातून गोळ्या विकत घेतात. मात्र दाखल न होता नुसती रोजची गोळी या योजनेतून मिळत नाही. त्यासाठी वर सांगितलेला सरकारी दवाखाना.

प्रत्येक अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. डिपॉझिट भरण्याच्या आधी त्याला गाठावे. आधी पैसे भरले आणि मग योजना लावा म्हटले, की कटकटी वाढतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरात एका पिशवीत ठेवून द्यावे. अपघाताच्या वेळी पेटीची किल्ली शोधत बसावे लागू नये. शिधापत्रिकेत नव्या सुनेचे आणि नातवाचे नाव चढवले आहे का, तेही आज पाहावे. चौकशीचे क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२००. घरात कोणी सत्तर वर्षांचे वा त्याहून मोठे असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना आयुष्मान भारतचे वेगळे वय वंदना कार्ड काढता येते. त्यालाही उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावरचे वय पुरते. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख आणि अंदाजाने घातलेले साल असते. वय कमी लागले असेल तर दुरुस्ती करून घ्यावी लागेल, आणि त्याला वेळ लागतो. दुखणे येण्याची वाट पाहू नये.

शहरातली काही बडी रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. बाहेरून पाहिले तर पंचतारांकित हॉटेल वाटावे. पण न्यास म्हणून सवलती घेतल्यामुळे त्यांच्यावर बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम यासाठीच्या निधीत बाजूला काढायची असते. निर्धनाच्या औषधांचा खर्च या निधीतून जातो. दुर्बल घटकातल्या रोग्याला औषध रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने लावायचे असते, छापील किमतीने नव्हे. तो आणि छापील भाव यांतली तफावत पाहिली तर तुम्ही आडत्याला नावे ठेवणे बंद कराल. येथे मात्र उत्पन्न पाहतात. तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते, आणि निर्धन कोण, दुर्बल कोण याच्या मर्यादा मधूनमधून वाढतात. जुन्या आकड्यावर विसंबून कोणी परत पाठवले तर समाजसेवा अधिकाऱ्याकडे चालू मर्यादा दाखवण्याची मागणी करावी. जीव धोक्यात असलेल्या रोग्याला डिपॉझिट मागून अडवता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे.

तहसीलच्या दाखल्याबद्दल एक पदरचा सल्ला. शाळा सुरू होण्याच्या वेळी पोरांच्या फीसाठी उत्पन्नाचा दाखला काढतोच. त्याच्या दोन प्रती जास्त करून ठेवाव्या.

आता राहिले स्वस्त औषध. ज्याला केंद्रात औषध मिळाले नाही, किंवा खासगी डॉक्टरचेच सुरू ठेवायचे आहे, त्याने काय करावे? प्रधानमंत्री भारतीय जनौषधी केंद्र अशी पाटी बहुतेक तालुक्यांच्या गावी दिसते. या योजनेचे मूळ २००८ सालचे. तेथे कोणालाही औषध मिळते, कार्ड लागत नाही, फक्त डॉक्टरची चिठ्ठी न्यावी. बाजारातल्या नावाजलेल्या ब्रँडच्या मानाने किंमत निम्मी, कित्येकदा त्याहूनही कमी असते. माता-भगिनींसाठी सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळते.

स्वस्त म्हणजे हलके, ही शंका प्रत्येक जण विचारतो. त्याला मी युरियाच्या गोणीचे उत्तर देतो. गोणीवर कोणत्याही कंपनीचे नाव असो, आत ४६ टक्के नत्र. पीक गोणीवरचे चित्र पाहून वाढत नाही. कीडनाशकाचेही तसेच. इमिडाक्लोप्रिड हे मूळ नाव एक, आणि दुकानात ते डझनावारी नावांनी मिळते. आपण हुशार शेतकरी होतो तेव्हा ब्रँड न विचारता मूळ नाव आणि टक्केवारी वाचायला शिकलो. माणसाच्या औषधालाही असेच मूळ नाव असते. त्यालाच जेनेरिक म्हणतात. डॉक्टरांना नम्रपणे सांगावे, की साहेब, मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या. बहुतेक डॉक्टर देतात.

तरी दोन सावधगिऱ्या आहेत. नुसते जेनेरिक असे नाव लावलेली खासगी दुकानेही निघाली आहेत. ती वाईट असतात असे नाही, पण काही ठिकाणी पाकिटावर भरमसाट किंमत छापलेली असते आणि मग साठ-सत्तर टक्के सूट दिल्याचा आव आणतात. सूट किती यापेक्षा हातात किती पैसे पडले ते पाहावे आणि जनौषधीच्या भावाशी ताडून घ्यावे. दुसरे, फेफऱ्याचे किंवा अशाच नाजूक आजाराचे औषध डॉक्टरांना न विचारता एका कंपनीचे सोडून दुसऱ्या कंपनीचे घेऊ नये. गोळीचा रंग-आकार बदलला म्हणून म्हातारी माणसे जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेतात, हे मी पाहिले आहे. रिकामे पाकीट डॉक्टरला दाखवेपर्यंत टाकू नये.

मुलगा एम.आय.डी.सी.त कामाला असेल आणि त्याच्या पगारातून ई.एस.आय.ची कपात होत असेल, तर त्याच्या बायकामुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या गावाकडच्या आईवडिलांनाही कामगार विम्याच्या दवाखान्यातून औषधे मिळू शकतात. त्यासाठी कंपनीत आईवडिलांची नावे चढवावी लागतात. पोरे पगाराची स्लिप कधी वाचत नाहीत. पुढच्या सुट्टीला येईल तेव्हा आणायला सांगा.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी घरांतूनही पत्रे आहेत. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. ही योजना आहे. निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी, आणि तो वारल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी विधवा यांना तिच्या पॉलिक्लिनिकमधून औषधे मिळतात. सदस्य होण्यासाठी कार्ड काढावे लागते, ते आपोआप येत नाही. अडचण असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथील माणसे वाट दाखवतात. एका भगिनीने पती वारल्यावर कार्ड बंद झाले असे समजून आठ वर्षे औषधे विकत घेतल्याचे लिहिले आहे. त्यांनी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि बँकेचे पुस्तक घेऊन या आठवड्यातच कार्यालय गाठावे.

पुढील अंकात उन्हाळी भुईमुगाची पेरणी आणि बीजप्रक्रिया.